चांगलं रिव्हॉल्व्हर कसं ओळखावं: गोव्यातल्या नव्या परवानाधारकांसाठी

शस्त्रपरवाना हातात आला की पहिला धक्का बसतो तो किमतींचा. दुकानात कानपूरच्या कारखान्याचं नवंकोरं .३२ रिव्हॉल्व्हर असतं. त्याच काचेखाली मूठ झिजलेलं, आजोबांच्या काळातलं स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट या अमेरिकी कंपन्यांचं रिव्हॉल्व्हर असतं आणि त्याची किंमत नव्याच्या कितीतरी पट सांगितली जाते. नवखा माणूस मग दोनपैकी एक गोष्ट करतो. "नावाचेच पैसे" म्हणून जुनं झिडकारतो, नाहीतर "विलायती ते विलायती" म्हणून डोळे मिटून पैसे मोजतो. दोन्हींत नुकसान होऊ शकतं.

माझं म्हणणं असं आहे की भारतात महागड्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीत दोन वाटे असतात, एक कारागिरीचा आणि दुसरा दुर्मिळतेचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळजवळ बंद झालं. त्याआधी जी विलायती रिव्हॉल्व्हरं देशात आली, तीच आजही हात बदलत फिरतात. म्हणून अमेरिकेत साधं समजलं जाणारं मॉडेलही इथे दागिन्याच्या भावाने जातं. कारागिरीच्या वाट्याला जरूर पैसे द्यावेत. दुर्मिळतेच्या वाट्याला किती द्यायचे हे ज्याने त्याने ठरवावं, पण आपण कशाचे पैसे देतोय हे कळलं पाहिजे. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १: परवाना नीट वाचा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस ठाण्याची चौकशी होते, आरोग्याचा दाखला लागतो, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. वय किमान २१ हवं. परवान्याला एनडीएएल, म्हणजे शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो नसेल तर बाकी काही बघण्यात अर्थ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

ही दोनची मर्यादा खरेदीच्या विचारात फार महत्त्वाची आहे. सत्तरी, सांगे, काणकोण भागात अनेक घरांत शेतराखणीची बंदूक असते. रानडुक्कर आणि माकडं काजू-केळीची नासाडी करतात, त्यासाठी ती लागते. ती बंदूक तुमच्या नावावर असेल तर उरते एकच जागा. त्या एका जागेवर काय येणार याचा निर्णय घाईने होऊ नये. शेतराखणीसाठी मात्र रिव्हॉल्व्हरचा विचारही करू नका. आखूड नळीने कुळागराच्या कडेला पळतं जनावर हाकलता येत नाही आणि चुकलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

पायरी २: बोअर आणि काडतूस

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप. सैन्य-पोलिसांच्या वापरातली .३८, .४५५, ९ एमएम ही बोअर आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृहखात्याकडून मिळतो आणि तो सामान्यतः मिळत नाही. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यासाठी रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा .३२, क्वचित .२२.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ".३२ चं काडतूस" म्हणून दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ साली आलं, त्याच्या बुडाला स्पष्ट कडा असते आणि आपल्याकडे ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतं. दुसरं .३२ एसीपी, ते पिस्तुलाचं. हे पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधीकधी बसतं, म्हणून काही महाभाग ते वापरतात. त्याचा दाब जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते कदापि घालू नका, आणि विक्रेता "चालतं हो" म्हणाला तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

तिसराही एक भाऊ आहे, १८७८ चं .३२ स्मिथ अँड वेसन, लांबीने आखूड. फार जुन्या, मोडून (म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवून) उघडणाऱ्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांत फक्त तेच बसतं आणि आज ते मिळवणं कठीण आहे. स्वस्तात मिळणाऱ्या शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरात अनेकदा हीच मेख असते. आधी काडतूस मिळेल का ते बघा, मगच किंमत विचारा.

.३२ लाँग हे मवाळ काडतूस आहे. त्याच्या दाबाने धातूवर फार ताण येत नाही. म्हणूनच कैक दशकं जुनं कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह किंवा स्मिथचं .३२ मॉडेल आतून घट्ट सापडू शकतं. आपल्याकडची बरीचशी शस्त्रं फार वापरलीच गेलेली नाहीत. ती झिजली असतील तर गोळ्यांनी नव्हे, गंजाने आणि अडाणी हातांनी.

पायरी ३: पैसे नेमके कशाचे

रिव्हॉल्व्हरची मूळ अडचण समजली की बाकीचं आपोआप समजतं. पिस्तुलात काडतुसाचं घर आणि नळी एकाच सलग तुकड्यात असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी एक आणि घरं सहा, तीही फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक वेळी चाप ओढला की पुढचं घर फिरून नळीच्या अगदी समोर यायला हवं, तिथे कुलूप लागायला हवं आणि मगच घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आदळणारा हातोडा, पडायला हवा. सहाही घरांसाठी हे तंतोतंत जमलं पाहिजे. घर किंचित जरी तिरकं थांबलं, तर गोळी नळीच्या तोंडाला घासून शिशाची कपची उडवते. कधी ती मारणाऱ्याच्याच हातावर येते, कधी शेजारी उभ्या असलेल्याच्या गालावर.

हा मेळ साधण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सुटे भाग ढिले ठेवायचे, म्हणजे कुठलाही भाग कुठेही बसतो. स्वस्त रिव्हॉल्व्हरचा तो मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक तुकडा हाताने कानशीने घासून त्याच्याच जोडीदाराशी जुळवायचा. महाग रिव्हॉल्व्हरचा तो मार्ग, आणि त्यात माणसाचे तास जातात.

कोल्ट पायथनचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं हे रिव्हॉल्व्हर १९५५ साली बाजारात आलं. त्याच्या आतल्या भागांची जुळणी अनुभवी कारागीर हाताने करत आणि वरच्या निळ्या झिलईसाठी पोलाद आरशासारखं घासून घेत. चाप दाबून धरला की जुन्या कोल्टचं सिलिंडर जरासुद्धा हलत नाही. सिलिंडर फिरवणारा दात त्याला शेवटपर्यंत रेटून धरतो म्हणून हा घट्टपणा येतो. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच दात त्यामुळे लवकर झिजतो, आणि झिजला की तो दुरुस्त करणारा जाणकार सगळीकडे मिळत नाही. अशी जुळणी परवडेनाशी झाल्यावर कोल्टने पायथन बंद केलं आणि २०२० मध्ये नव्या यंत्रांवर, बदललेल्या रचनेसह पुन्हा आणलं. तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत १,४९९ डॉलर होती.

स्मिथ अँड वेसनची रचना वेगळी. सिलिंडर मागे आणि पुढे अशा दोन ठिकाणी अडकतं. कोल्टइतकं घट्ट नसेल, पण ते जास्त दिवस टिकतं आणि दुरुस्तीला सोपं जातं. जर्मनीत कोर्थ आणि फ्रान्समध्ये मन्युरिन यांनी तिसऱ्याच दिशेने विचार केला. कोर्थची संख्या फार थोडी, प्रत्येक तुकडा जवळजवळ हातचा, आणि किंमत पायथनच्याही वर. मन्युरिनचं एमआर ७३ फ्रान्सच्या जीआयजीएन या खास पथकाने घेतलं. त्यांना रोज भरपूर मॅग्नम गोळ्या झाडूनही ढिलं न पडणारं शस्त्र हवं होतं. तिथे पैसे टिकाऊपणाचे आहेत.

स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. अमेरिकेतल्या रूगर कंपनीने साच्यात पोलाद ओतून भाग काढले, बाजूची झाकणपट्टी काढून सलग सांगाडा ठेवला, सपाट स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा वापरल्या. चापाला स्मिथची मऊ धाव नाही, पण सांगाडा दणकट आणि किंमत आवाक्यातली. कुठे पैसे वाचवायचे हे त्यांना कळलं होतं. जस्ताच्या मिश्रधातूचा सांगाडा ओतून बनवलेली रिव्हॉल्व्हरं मात्र वेगळीच जात. असा धातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, ताणाने पसरतो आणि काही वर्षांत सगळी जुळणी बिघडते. त्यांना हात लावू नका.

उत्तम शस्त्र घडवण्याचं कसब गोव्याला परकं नाही, हे इथे सांगायला मला अभिमान वाटतो. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला लिहिलं होतं की गोव्याचे बंदूक कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात, आणि नळीचं बूड आट्यांनी घट्ट बसवतात. आट्या पाडून नळीचं बूड बंद करणं हे त्या काळातलं अत्यंत अवघड काम. अशा तपशिलातच शस्त्राची खरी किंमत असते.

पायरी ४: हातात घेऊन तपासणी

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि इथे घाई करायची नाही. जुनं शस्त्र घेताना तर शक्य असेल तेव्हा परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराला सोबत न्या.

सगळ्यात आधी सिलिंडर उघडा. सहाही घरं रिकामी आहेत का, डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मग शेजारच्याला दाखवा. नळीचं तोंड कायम भिंतीकडे किंवा जमिनीकडे, कुठल्याही माणसाकडे नाही. सिलिंडर बंद करताना सिनेमातल्यासारखा मनगटाचा झटका देऊ नका. त्याने सिलिंडर पेलणारा दांडा वाकतो आणि सगळी जुळणी जाते. दुकानदाराने नवख्याच्या हाताचा असा झटका पाहिला, तर त्याने शस्त्र काढून घ्यावं, इतकी ही गोष्ट गंभीर आहे.

रिकामा चाप ओढण्याआधी परवानगी घ्या. नकली (दारू नसलेली) काडतुसं घालून ओढणं उत्तम. .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामा चाप ओढूच नका, कारण काडतुसावर टोचणारी त्याची सुई घराच्या काठावर आदळते आणि काठ चेपतो.

आता एकेक गोष्ट बघू.

घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून ठेवा, म्हणजे त्याला किंचित अटकाव होईल. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडरच्या खाचेत कुलूप पडल्याचा टिक आवाज यायला हवा. घोडा अडकला पण सिलिंडर अजून हलतंय, असं एका जरी घरात झालं तरी त्या रिव्हॉल्व्हरचा मेळ बिघडलेला आहे. सहाही घरं अशी तपासा. पाच घरं बरोबर आणि एक चुकीचं, हे जुन्या शस्त्रात नेहमी दिसतं, आणि विक्रेता बरोबर ते पाच दाखवतो.

मग चाप दाबून धरून, घोडा खाली असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हळूच हलवून बघा. स्मिथमध्ये थोडीशी हालचाल चालते. जुन्या कोल्टमध्ये ती जवळजवळ नसावी. असेल तर दात झिजला आहे. त्यानंतर सिलिंडर पुढे-मागे ढकला. ही हालचाल कुठल्याच चांगल्या रिव्हॉल्व्हरात फार नसावी.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट पाहा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर इतकी फट साधारण योग्य. मोटर मेकॅनिककडे मिळणाऱ्या फीलर गेजच्या पात्यांनी ती मोजता येते. फट जास्त असेल तर ज्वाळा बाजूला फेकली जाते आणि गोळीचा वेग घटतो. फारच कमी असेल तर काजळी साचून सिलिंडर अडकतं.

घोडा मागे अडकवा आणि अंगठ्याने मागून हलकेच पुढे रेटा. तो सुटून पडला, तर ते रिव्हॉल्व्हर परत ठेवा आणि किंमत विचारू नका. आतली धार झिजलेली आहे, किंवा कोणीतरी "चाप हलका करून देतो" म्हणत ती घासली आहे.

चापाची धाव हा महाग आणि स्वस्त यांतला सर्वांत ठळक फरक. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून घोडा उचलताना, ४ ते ६ किलोचा जोर लागतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, घोडा आधीच ओढलेला असताना, १ ते २ किलो पुरतात. आकड्यापेक्षा धाव कशी आहे ते महत्त्वाचं. जुन्या चांगल्या स्मिथचा चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जोराने येतो, मध्ये कुठे अडखळत नाही. साध्या रिव्हॉल्व्हरात मध्येच खडखड जाणवते, मग अचानक जोर वाढतो. अशा धक्क्याने नेम हलतो. दहा मीटरवरही फरक पडतो, आणि घाबरलेल्या हातात तर फारच.

नळीतून उजेडाकडे पाहा. आट्या, म्हणजे इथे नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचा, स्पष्ट, चमकत्या दिसल्या पाहिजेत. खड्डे म्हणजे जुना गंज. एखादं काळं कडं दिसलं तर तिथे नळी आतून फुगलेली आहे, अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेल्याची ती खूण. असं रिव्हॉल्व्हर भिंतीवरही नको. नळीचं मागचं तोंड टॉर्च लावून बघा, तिथे तडा असू शकतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ज्वाळेने कोरलेली रेघ किती खोल आहे तेही बघा.

मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात एक तपासणी जास्त. वेबले या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरच्या आपल्या कानपुरी .३२ सकट सगळ्यांना हे लागू आहे. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून बिजागरीत हालचाल जाणवते का ते पाहा. वरची कडी घट्ट बसते का पाहा. ही रचना भरायला-रिकामी करायला झटपट, पण तिची सगळी ताकद त्या कडीत आणि बिजागरीत असते.

स्क्रूची डोकी हा माझा आवडता पुरावा. ती ओरबाडलेली असतील तर आत कोणीतरी घरगुती स्क्रूड्रायव्हर घेऊन शिरलेला आहे, आणि आत काय करून ठेवलं आहे ते देव जाणे. मूळ कारखान्यातल्या स्क्रूची डोकी स्वच्छ, काठ धारदार असतात.

शेवटी, जुन्या शस्त्राबद्दल एक सुरक्षेची बाब. १९४४ मध्ये एका अमेरिकी नौसैनिकाचा बोटीवर खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून मृत्यू झाला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोड्याला अडवणारी पट्टी बदलून अधिक खात्रीची केली. त्याआधीच्या काळातलं, किंवा अशी पट्टीच नसलेलं स्वस्त रिव्हॉल्व्हर भरलेलं असताना घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते. अशा शस्त्रात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं असतं. घरात लहान मुलं असतील तर असं शस्त्र घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ते कितीही सुंदर असो.

पायरी ५: शिक्के वाचा, नाव वाचू नका

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या एइबार गावात स्मिथ आणि कोल्टच्या नकला ढिगांनी बनल्या. त्यांच्या नळीवर मोठ्या अक्षरांत स्मिथ अँड वेसन असं लिहिलेलं दिसतं. नीट वाचलं की कळतं, त्याआधी बारीक अक्षरांत "या काडतुसासाठी" असा मजकूर आहे. तो काडतुसाचा प्रकार आहे, बनवणाऱ्याचं नाव नव्हे. खऱ्या स्मिथवर कंपनीचं नाव, पेटंटच्या तारखा, स्प्रिंगफील्डचा पत्ता आणि बहुधा बोधचिन्ह असतं.

ब्रिटिश अमलात बरीच अमेरिकी शस्त्रं इंग्लंडमार्गे इकडे आली. १९२५ ते १९५५ या काळात तिथे तपासलेल्या परदेशी शस्त्रांवर "इंग्रजी बनावटीचं नाही" या अर्थाचा शिक्का मारत. तो पाहून बिचकू नका. उलट ती अस्सल प्रवासाची खूण असू शकते.

झिलईही वाचायला शिका. निळा रंग नवा, चकचकीत, पण अक्षरं पुसट आणि कडा गोल झालेल्या असतील तर शस्त्र घासून पुन्हा रंगवलं आहे. बहुतेक वेळा खालचा गंज लपवायला. मूळ झिलई थोडी विटलेली, मुठीजवळ आणि नळीच्या टोकाला पांढरी पडलेली असली तरी तीच चांगली. तिच्यात लपवाछपवी नसते.

पायरी ६: गोव्याची हवा

खारा वारा, चार महिने पाऊस, भिंतींना ओल. पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्यालगत राहणाऱ्याने तर महाग-स्वस्ताचा विचार या हवेपासूनच सुरू करावा.

निळी झिलई म्हणजे मुळात पोलादावर बसवलेला नियंत्रित गंजाचाच पातळ थर. तो संरक्षण देतो, पण थोडंच. घासून आरसा केलेल्या पोलादावर बसवलेली झिलई जास्त टिकते, कारण ओल धरायला खाचा कमी असतात. घाईने केलेली मॅट झिलई इथे दोन पावसाळ्यांत ठिपके धरते. इथे कारागिरीचे पैसे खरोखर वसूल होतात. स्टेनलेस पोलादाचं रिव्हॉल्व्हर स्मिथने १९६५ मध्ये प्रथम आणलं, मॉडेल ६०. आपल्या बाजारात तसं .३२ सहसा दिसत नाही. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने आणलेलं निर्भीक हे .३२ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं आहे, वजन ५०० ग्रॅम. तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती आणि त्यावरून बरीच टीका झाली. मला ती टीका अर्धीच पटते. किनाऱ्यावरच्या घरात न गंजणाऱ्या सांगाड्याला मोल आहे. आतल्या स्प्रिंगा आणि सुई मात्र पोलादाच्याच असतात, त्यांना तेल लागणारच.

चामड्याच्या म्यानात शस्त्र कधीही साठवू नका. चामडं ओल शोषतं, त्यातली रसायनं पोलाद खातात, आणि म्यानाच्या आकाराचाच गंज उठतो. वापरताना म्यान, ठेवताना तेल लावलेलं कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या, तेही कुलूपबंद कपाटात. काडतुसं वेगळ्या कप्प्यात. मिरगाआधी एकदा पूर्ण सफाई, मग पावसाळाभर दर पंधरवड्याला बाहेर काढून पुसणं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करणाऱ्या घरांसाठी विशेष सूचना. पूजा जरूर करा, पण शस्त्र रिकामं करून, दोघांनी तपासून. ओली हळद-पिंजर थेट पोलादावर लावू नका. पाणी आणि पिंजरेतले क्षार मिळून एका रात्रीत डाग पाडतात. तेलाचा पातळ थर आधी लावा, गंध मुठीच्या लाकडाला लावा, आणि फुलं संध्याकाळीच उतरवून शस्त्र पुसून ठेवा. पूजेनंतर हवेत गोळी झाडायची जुनी हौस कोणाला असेल तर ती सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदात केलेल्या अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पायरी ७: मग घ्यावं कुठलं?

स्वसंरक्षणासाठी पहिलंच शस्त्र घेणाऱ्याला मी नवं भारतीय रिव्हॉल्व्हर सुचवतो. सुटे भाग मिळतात, कागद सरळ असतात, विक्रेत्याकडे परत जाता येतं. २०२३ मध्ये कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीने आणलेलं प्रबल बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं आहे. ती सलग सांगाड्याची रचना असल्याने मोडून उघडणाऱ्यापेक्षा ती मला जास्त पसंत आहे. पण नवं आहे म्हणून चौथी पायरी गाळू नका. दुकानात दोन-तीन नग असतील तर सगळे हातात घ्या. एकाच खोक्यातल्या दोन नगांच्या चापात कमालीचा फरक असतो, आणि तो निवडण्याचा हक्क तुमचा आहे.

नेमबाजीची गोडी असलेल्याने, किंवा घडणीचं सौंदर्य ज्याला कळतं त्याने जुनं स्मिथ वा कोल्ट शोधावं. .३२ लाँग काडतूस कमी ताकदीचं म्हणून त्याला नाक मुरडू नका. त्याच काडतुसाची सपाट तोंडाची गोळी जागतिक स्पर्धांतल्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात चालते. नेमबाज जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांसह जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. त्या स्पर्धेतली शस्त्रं बहुतेक पिस्तुलं असतात, पण काडतुसाचा नेमकेपणा त्यातून दिसतो. जुन्या स्मिथचा मऊ चाप हातात आला की कागदावरचे गोळ्यांचे ठसे जवळ येतात. ते सुख पैसे देऊन घेण्यासारखं आहे.

वाईट अवस्थेतलं मोठ्या नावाचं रिव्हॉल्व्हर मात्र कोणीच घेऊ नये. कोल्टचा दात झिजलेला, नळीत खड्डे, वरून नवा रंग. असं शस्त्र पूर्ण किमतीला विकलं जातं ते केवळ दुर्मिळतेच्या जोरावर.

पायरी ८: कागद आणि ताबा

सांगाड्यावर कोरलेला क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवा. सिलिंडरवर वेगळा क्रमांक असेल तर तो भाग दुसऱ्या शस्त्रातून आलेला असू शकतो, आणि मग मेळ पुन्हा तपासायला हवा. सांगाड्यावरचा क्रमांक खोडलेला वा पुन्हा कोरलेला वाटला तर तिथून निघून या. तसं शस्त्र बाळगणं हाच गुन्हा आहे.

एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकताना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. "आज पैसे द्या, आज घेऊन जा" म्हणणारा कायद्याबाहेरचं बोलतोय. वारसाने आलेलं शस्त्र असेल तर ते आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असलं पाहिजे. वडील गेल्यावर ते कपाटात तसंच ठेवणं बेकायदेशीर होतं. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडच्या दुकानात खरेदीला जाणार असाल तर परवान्यावरची क्षेत्रमर्यादा आधी बघा.

आणि गोव्यात निवडणुका वरचेवर येतात. आदेश निघाला की शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं, कधी नेमकं पावसाळ्यात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी आणि सहाही घरं साफ करून तेलाचा जाडसर थर द्या, शस्त्र चामड्यात नव्हे तर तेलकट कापडात गुंडाळा. चारही बाजूंनी आणि क्रमांकाचा फोटो काढा. पावतीवर बनावट, बोअर आणि क्रमांक लिहून घ्या. परत घेताना ठाण्याच्या बाकावरच सिलिंडर उघडा, रिकामं असल्याची खात्री करा, नळीतून उजेड बघा आणि मगच सही करा.